कानबाईचा उतार आणि ब्रेकचं तेल

कानबाईनं, आमच्या खानदेशातल्या देवीनं, आमच्या मायला तारलं, असं मी तीन वर्षं लोकांना सांगत होतो. सोयरे यायचे, दादाच्या पायाकडे बघून हळहळायचे, आणि मग मी ती गोष्ट सांगायचो. उतारावर गाडीचा ब्रेक गेला, गाडीत माय होती, पुढं डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायका होत्या, आणि तरी एकीलाही खरचटलं नाही. ऐकणारे हात जोडायचे. सांगताना माझी जीभ कधी अडखळली नाही, हे आज लिहिताना सगळ्यात जास्त बोचतं. कारण त्या गोष्टीतला एक भाग मी दर वेळी गाळत होतो, आणि तो गाळता यावा म्हणूनच देवीचं नाव जरा मोठ्यानं घेत होतो.

आम्ही भडगावचे. माझं शिलाई मशीन विकण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, निवृत्त शिक्षक. वडील गेल्यावर त्यांच्या दोन वस्तू आमच्या घरात राहिल्या: एक त्यांनीच लाडावलेला मायचा हट्टी स्वभाव, आणि दुसरी माझ्या जन्माच्या आधीची, गोल पाठीची विलायती गाडी. ती गाडी वर्षातून फार तर दहा वेळा रस्त्यावर यायची. पण श्रावणात रविवारी घरात कानबाई बसली की सोमवारी विसर्जनाला ती निघायचीच. मायचे गुडघे गेलेले. बायका कानबाई डोक्यावर घेऊन गिरणा नदीकडे चालत जायच्या आणि मागून हळूहळू आमची गाडी, मागच्या सीटवर माय.

त्या वर्षी कानबाईच्या तीन आठवडे आधी घराला रंग दिला होता. दादानं गाडी बघितली, ब्रेकच्या तेलाची डबी निम्मी रिकामी दिसली, आणि तो मला म्हणाला, "ब्रेक ऑइल आणून टाक." मी दुकानात होतो. बाजारात जायचा कंटाळा आला. हाताशी मशीनच्या तेलाचा डबा होता. आमच्या धंद्यात एक वाईट सवय लागते. दार कुरकुरलं, मशीनचं तेल. कुलूप अडकलं, मशीनचं तेल. तेल ते तेल, असं म्हणून मी ती डबी भरली. संध्याकाळी दादानं विचारलं, "टाकलं का?" मी म्हणालो, "टाकलं." तो शिक्षक माणूस, उत्तर आलं की वही मिटणारा. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या दिवसांत पेडल जड झालं होतं, दाबलं की वर यायला वेळ लावत होतं. मला ते जाणवलं होतं. गाडी जुनी आहे, असं मी स्वतःला सांगितलं. विसर्जनाच्या सोमवारी सकाळी गिरणेच्या उतारावर पेडल एकदम खाली गेलं आणि पायाखाली काहीच उरलं नाही. हँडब्रेक नुसता नावाचा होता. पुढं बायका, त्यांच्या पुढं दादा. माझी आरोळी ऐकून तो वळला, बायकांना बाजूला ढकललं आणि वाटेतला एक धोंडा उचलून चाकाखाली घातला. गाडी थांबली. पण चाक आणि धोंडा यांच्यात त्याचा डावा पाय होता. जळगावच्या दवाखान्यात तो घोट्याच्या वरून कापावा लागला. मायला, बायकांना काही झालं नाही. लोक म्हणाले, जुनी गाडी, नशीब. मी म्हणालो, हो, नशीब.

पुढच्या श्रावणात दादाची जखम चिघळलेली होती. कानबाई बसली नाही. त्याच्या पुढच्या श्रावणात मायच म्हणाली, औंदा नको. यंदा मात्र आषाढ सरता सरता ती म्हणाली, "मन्हा डोया मिटाना पहिले एक डाव कानबाई बसाडा." दादा लाकडी पाय बांधत बसला होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गाडी काढ. आधी ब्रेक कर." मी म्हटलं, दुसरी गाडी भाड्यानं आणतो. तो म्हणाला, "तीच. मायला त्या गाडीची भीती बसलीय. दुसरीनं जाणार नाही ती भीती."

कानबाईला बारा दिवस होते. ब्रेकचा मुख्य सिलिंडर आणि चाकांचे चार लहान सिलिंडर काढून मी कापडी पिशवीत बांधले आणि जळगाव गाठलं. एकेक दुकान झालं. कुणी हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, भंगारात चांगलं जाईल." कुणी नव्या गाडीचे रबर लावून बघितले, ते आत डुगडुगत होते. एकानं सरळ सांगितलं, "याचं माप इंचात आहे. आतून गंजानं खड्डे पडलेत. हे काम करणारी माणसं गेली." मुंबईला फोन केला तर म्हणाले, पाठवा, दोन महिने लागतील. त्या जळगावच्या माणसानंच जाता जाता धुळ्याच्या एका कारखान्याचं नाव सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला गेलो. त्या पत्त्यावर मोबाइलचं दुकान होतं. आत विचारलं तर कोणाला काही ठाऊक नव्हतं.

मग मी एकवीरा देवीच्या देवळाशी जाऊन बसलो. भक्तीनं गेलो, असं म्हणणार नाही. पाय दुखत होते आणि तिथं सावली होती. आत जायचं धाडस होत नव्हतं. मी पिशवी सोडायचो, ते सिलिंडर बघायचो, पुन्हा बांधायचो. ओटीचं सामान विकणारी एक बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "भाऊ, कवयनी दखस मी. सोडस नि बांधस. देवीले वाहाले आनेल शे का?"

मी म्हणालो, "नाही मावशी, गाडीचा ब्रेक आहे. दुरुस्त करणारा मिळत नाही."

"मंग देवीले काय दखाडस? देवी काय फिटर शे का?" शेजारची फुलवाली हसली. ही मात्र हसली नाही. नारळांवर पाणी मारता मारता म्हणाली, "नदीना पलीकडे जाय. बंद तेल-गिरणीना मांगे आबा शे, लेथवाला. मन्हा जेठनी ट्रॉलीना पंप त्यानीच करा व्हता. पन कानले कमी ऐकू येस, जोरमा बोलजो."

एवढंच. तिनं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

पांझरेच्या पलीकडे, पत्र्याच्या एका लांब शेडमध्ये आबा भेटले. सत्तरी ओलांडलेले, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. दोन कारागीर लेथवर काम करत होते, पट्ट्याचा आवाज घुमत होता. आबांनी मुख्य सिलिंडर फिरवून फिरवून बघितला. आतली रबरी वाटी आकड्यानं बाहेर ओढली. ती फुगून दीडपट झाली होती, कडेनं फाटली होती. त्यांनी ती बोटांनी दाबली आणि नाकाशी नेली.

"हाई ब्रेकनं तेल नई," ते म्हणाले. "शिलाई मशीननं शे. कोनी टाकं?"

मी हळूच म्हणालो, "मी."

"काय?"

"मी टाकलं, आबा."

त्यांनी हात कानाशी नेला. लेथ चालूच होता. तेव्हा मला पहिल्यांदाच, आयुष्यात पहिल्यांदाच, ते ओरडून सांगावं लागलं. "मी टाकलं. मशीनचं तेल मीच टाकलं." दोन्ही कारागीर वळले. एकानं लेथ बंद केला. शेडमध्ये एकदम शांतता झाली आणि माझंच वाक्य त्या पत्र्यात राहिलं. तीन वर्षं जे मी मायला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, देवापुढं डोळे मिटूनही मनात नीट उच्चारलं नाही, ते अनोळखी तीन माणसांपुढं गळा ताणून सांगून झालं होतं.

आबांनी कारण विचारलं, "काब्रं? ब्रेकले टाका मारना व्हता का?" कारागीर हसला. मला रडू येत होतं. ते बघून आबांचा आवाज बदलला. "कोनी मरनं का?"

"नाही. भावाचा पाय गेला."

"भाऊले मालूम शे?"

मी मान हलवली. नाही. हे ऐकायला त्यांना कान लागले नाहीत.

त्यांनी मला उपदेश केला नाही. कामाचं सांगितलं. आतले खड्डे कातून काढायचे, पितळेची नळी आत घट्ट बसवायची, ती आरशासारखी घासायची, रबर मापाचे नवे घालायचे, नळ्या धुऊन जुन्या तेलाचा थेंबही ठेवायचा नाही. पाच दिवसांनी ये म्हणाले. त्या पाच दिवसांत मी दादाशी दहा वेळा बोलायला गेलो आणि दहा वेळा दुसरंच काही बोलून परतलो. एकदा तर त्याच्या लाकडी पायाच्या पट्ट्याला तेल लावून देऊ का, असं विचारलं. माझ्याच तोंडातून.

पाचव्या दिवशी सिलिंडर तयार होते. आत बोट फिरवलं तर लोण्यावर फिरवल्यासारखं. आबांनी ते कागदात बांधले आणि वेगळी एक लहान पुडी माझ्या हातात दिली. त्यात त्या फुगलेल्या, फाटलेल्या वाट्या होत्या. "हाई बी लई जाय. भाऊले दखाड." मी पुडी पिशवीत टाकली, तर पुन्हा म्हणाले, "ब्रेक खरा का खोटा, हाई चालवनाराले समजस नई. म्होरे उभा शे, त्याले समजस."

येताना मी एकवीरेच्या देवळात गेलो. ती बाई तिथंच होती. मी तिच्याकडून ओटी घेतली, नारळ घेतला. तिनं मला ओळखलं नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाला जसं, तसंच मलाही जागा दाखवत म्हणाली, चपला आठेच सोड. मी सांगणार होतो, पण मग वाटलं, नको. ज्याच्या हातून आपल्याला मिळालं त्याला ते ठाऊकही नसावं, यात काही असेल. पदरात दिलं आणि हात मोकळा.

त्या संध्याकाळी मी ती पुडी दादापुढं ओट्यावर उघडली आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबलो नाही. तेल, कंटाळा, जड झालेलं पेडल, नंतर तीन वर्षं सांगितलेली देवीची गोष्ट, आणि आबांचं ते शेवटचं वाक्यही. दादानं एक वाटी उचलून बघितली. पोराची चुकलेली वही बघावी तशी.

"मी विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"टाकलं म्हणाला होतास."

"हो."

तो उठला, भिंतीचा आधार घेत आत गेला. दार लावलं नाही, पण त्यानंतर पाच दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी ब्रेक बसवले, नवं तेल भरलं, हवा काढली, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गाडी पुढंमागं करून बघितली. तो खिडकीतून बघायचा. बाहेर आला नाही.

रविवारी कानबाई बसली. ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कानबाईच्या रोटासाठी कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात. तान्ह्या बाळाच्या नावाचेही मोजतात. तेच दळून त्याचा प्रसाद होतो आणि तो भाऊबंदांनीच खायचा. ज्याच्या नावाची मूठ पडली नाही तो कुळातला राहिला नाही, इतका साधा हिशेब आहे. आमच्या घरात मोजायचं काम मोठ्या भावाचं. दादा पाटावर बसला, लाकडी पाय बाजूला सरळ ठेवून. एकेक नाव घेत मुठी टाकत गेला. स्वतःचं नाव, त्याच्या मुलाचं, चुलतभावांची, त्यांच्या नातवांची. मग थांबला. उरलं होतं माझं आणि माझ्या मुलाचं. त्याचा हात गव्हात तसाच राहिला. माझ्या मुलाचं नाव त्यानं आधी घेतलं, मूठ टाकली. पुन्हा हात गव्हात. मला वाटलं, आता हात झटकून उठेल, आणि उठला तर ते योग्यच होईल. मी देवीकडे बघितलं नाही. मागायचं काय होतं? मी जमिनीकडे बघत बसलो.

माय म्हणाली, "धाकलानं नाव ऱ्हायनं."

"राहिलं नाही," दादा म्हणाला. "घेतोय." आणि माझं नाव घेऊन त्यानं सव्वा मूठ टाकली. त्याची मूठ मोठी आहे. दोन दाणे बाहेर पडले, ते त्यानं वेचून आत टाकले.

सोमवारी सकाळी माय गाडीत बसली. तिचे दोन्ही हात पुढच्या सीटला घट्ट धरलेले मला आरशात दिसत होते. उतार आला. पुढं बायका होत्या. दादा काठी टेकत त्यांच्या मागं आला आणि गाडीच्या बरोबर पुढं, बॉनेटपासून चार हातांवर उभा राहिला. मी काच खाली करून म्हटलं, "दादा, बाजूनं चाल." तो म्हणाला, "तुझा आबा काय म्हणाला होता?" आणि पाठ फिरवून उतरायला लागला. तो पूर्ण उतार मी त्याच्या पाठीकडे बघत उतरलो. पेडल दाबलं की गाडी थांबत होती. सोडलं की एक हात पुढं सरकत होती. त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

त्यानं मला माफ केलं का, हे मला माहीत नाही. त्यानं तसं म्हटलेलं नाही आणि मी विचारणार नाही. पाऊस लागला की त्याचा तुटका पाय रात्रभर ठणकतो, आणि ते माझ्या हातचं आहे. देवीनं मायला तारलं ही गोष्ट मी आता सांगत नाही. विचारलं तर तेलाची गोष्ट सांगतो. तारलं असेल तर तिनं मला त्या बहिऱ्या माणसापुढं नेऊन तारलं, एवढं मी मानतो, आणि त्याबद्दल रोज हात जोडतो.

महिन्यातून एकदा दादा अजून विचारतो, "ब्रेक ऑइल बघितलं का?" मी आता हो म्हणत नाही. बॉनेट उघडतो, डबीचं झाकण काढतो आणि त्याला हाताला धरून आणतो. तो वाकून बघतो, एक बोट बुडवून वास घेतो. मग म्हणतो, "लाव झाकण."