जेवणाचा रकाना

आमच्या खोडाळ्याच्या बाजारात भुसार दुकानदाराच्या काट्यावर माझी बॅग ठेवली, तर ती विमानाच्या मर्यादेपेक्षा चार किलो जास्त भरली. कसाऱ्याला जाणारी जीप थांबली होती आणि ड्रायव्हरचा जीव हॉर्नमध्ये अडकला होता. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बॅग उघडली आणि नाशिकहून आणलेला जाड कोट बाहेर काढला. तांदूळ आणि नागलीचं पीठ आतच राहिलं. कोट तिथं मिळेल, आपला तांदूळ कुठं मिळणार, असं त्यांचं म्हणणं. मी जर्मनीला शिकायला निघाले होते आणि अर्धी बॅग धान्याची होती.

हसू नका. आमच्याकडे शिकायला गेलेल्या मुलामागे धान्य जातंच. मी जव्हारला बारावी केली, मग पुण्याला इंजिनिअरिंग. दर महिन्याला कोणाच्या तरी जीपमधून पोतं यायचं. भात आमच्या शेतातला, भाकरी आमच्या नागलीची. शिक्षणाच्या खर्चात जेवण धरायचं असतं, हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. परदेशांचा तक्ता त्यांनी हजेरीपटासारखा आखला होता. उभ्या ओळीत जर्मनी, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि ताडून बघायला पुणे. आडव्या ओळीत वर्षाची फी, खोली, विमा, बस, पुस्तकं. जेवणाच्या रकान्यात चारही ठिकाणी एकच शब्द: घरचं. फी नाही म्हणून जर्मनी पहिली आली. जेवणाच्या रकान्यातली चूक मला, चांगल्या इंजिनिअरला, दिसली नाही.

तांदूळ दीड महिना पुरला. त्याच सुमारास थंडी पडली आणि मी कोणीतरी वापरून विकलेला कोट घेतला. इथे माझे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आहेत. बँक दर महिन्याला ठरलेली रक्कम सोडते, त्यापुढे काही मागायचं नाही. भरल्या कोठीला कुलूप आणि किल्ली बँकेकडे. भाडं आणि विमा गेला की उरतं ते सांगण्यासारखं नसतं. कामाचे तासही व्हिसानं बांधून दिलेले. पुढच्या वर्षी राहायचं तर तेवढेच पैसे पुन्हा दाखवायचे.

पुण्याच्या वर्गातली एक मैत्रीण डब्लिनला आहे, एक मित्र मेलबर्नला. आम्ही वर्षाचे खर्च ताडून बघतो. तिचं भाडं ऐकून मला माझी खोली स्वस्त वाटते, त्याची फी ऐकून तिला तिची फी. घरी काय सांगता, या प्रश्नाला मात्र तिन्ही देशांचं उत्तर एकच येतं: भागतं.

मी घरी सांगितलं होतं की युनिव्हर्सिटीत जेवण मिळतं. मिळतं ते खरंच. फुकट मिळतं असं मी म्हटलं नाही, विकत घ्यावं लागतं असंही म्हटलं नाही. आई समाधानानं फोन ठेवायची. दोन वर्षं असंच चाललं.

गेल्या महिन्यात दादांनी नव्यानं आखलेल्या तक्त्याचा फोटो पाठवला. तो वनितासाठी होता. वनिता माझी मामेबहीण, साखरशेतची, मामा कारकून. भविष्य निर्वाह निधीतून काढलेले पैसे ते सोमवारी वनिताच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरणार होते. जर्मनीपुढे जेवणाच्या रकान्यात दादांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: कॉलेजकडून. माझं खोटं त्यांच्या अक्षरात बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तिथल्या तिथे फोन लावला आणि म्हटलं, "दादा, इथे जेवणाला पैसे लागतात. पुष्कळ लागतात. वनिताला त्या तक्त्यावर पाठवू नका."

फोन आईनं घेतला.

"मंग दोन साल तू खात काय होतीस, बाय?"

"पाव," मी म्हटलं.



मामांनी पैसे भरले नाहीत. वनिताचा मेसेज आला, ताई, तू गेलीस आणि मागनं दार लावून घेतलंस. ती तिथं अडकली, मी इथं. अर्धवट डिग्री टाकून परत जाता येत नाही आणि उरलेली पुढच्या वर्षीच्या, बँकेच्या त्याच कुलपात आहे. परत ये, असं घरचं कोणी म्हणालंही नाही. म्हणाले असते तर मी रडून का होईना, नाहीच म्हटलं असतं.

परवा दादांनी तक्ता पुन्हा पाठवला. प्रत्येक देशापुढे जेवणाचा आकडा आता लाल शाईनं भरलेला आहे. सगळ्यात खाली एक नवी ओळ आहे: खोडाळा. फी, खोली, विमा, बस, सगळीकडे नुसती रेघ. फक्त शेवटच्या रकान्यात त्यांनी जुनाच शब्द लिहिलाय, घरचं.

घर म्हणजे आता माझ्यासाठी ती एक ओळ आहे. त्यांनी ती माझ्यासाठी आखून ठेवलीय आणि मी ती रोज फोनवर उघडून बघते.