टाकीत बोललेलं

पाण्याच्या टाक्या साफ करणाऱ्या रेडिओचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. इमारतीला जाग येण्याआधी तिची जमिनीखालची टाकी उपसून झाली, तरच ती दिवसाउजेडी घासून, धुऊन भरता यायची.

तोंड अखंड चालू, म्हणून त्याचं नाव रेडिओ. पण ती हौस नव्हती. बंद टाकीत हवा कोंडते. आतला माणूस बोलत असेल तर वरचा निश्चिंत. जीभ अडखळली की वरच्याने दोर ओढायचा. म्हणून रेडिओ सुचेल ते बोलायचा: गुडघा, भाजीचे भाव, मेहुण्याच्या बढाया. दोर धरणाऱ्या जोडीदाराने त्याचा अख्खा संसार ऐकला होता. पण टाकीचं झाकण लागलं की विषय संपला; आतलं बोलणं बाहेर जायचं नाही.

कष्टाची कामं दाखवणाऱ्या टीव्हीच्या कार्यक्रमासाठी एक बाई आल्या. रेडिओने हो म्हटलं, पैसे ठरले, सही केली. त्यांनी त्याच्या कॉलरला माइक लावला. तो उतरला, कोपऱ्यातलं शेवाळ खरवडू लागला आणि माइक विसरला.

"पोरगी काही परत नांदायला जायची नाही," तो खालून म्हणाला. "त्याने हात उचलला तिच्यावर. शेजारीपाजारी सांगितलंय, चार दिवस राहायला आलीय."

चहाला वर आला तेव्हा बाई खुशीत होत्या. "काका, मुलीचं काय बोललात! अंगावर काटा आला. हेच आधी दाखवू."

रेडिओने कप खाली ठेवला. "ते नाही दाखवायचं."

"सही केलीत ना तुम्ही?"

"माझ्या तोंडासाठी केली. गोष्ट तिची आहे."

"मग तिलाच विचारू. घरी येतो कॅमेरा घेऊन."

"दार नाही तिच्या खोलीला, नुसता पडदा. मला सांगितलं तेसुद्धा कुजबुजत. तुम्ही कॅमेरा घेऊन कुठं शिरता?"

बाईंनी घड्याळ पाहिलं. धुतलेली टाकी अजून कॅमेऱ्यात टिपायची होती. "बरं, उतरा. आता आत काही बोलूच नका म्हणजे झालं."

"मुका उतरला तर मी दोर धरणार नाही," जोडीदार म्हणाला. "तुमच्या कार्यक्रमापायी प्रेत ओढायला बसलो नाही मी इथं."

रेडिओने कमरेच्या दोराची गाठ सोडली आणि काठावर मांडी घातली. "आत गेलो की बोलावं लागतं. बोललो की तुम्ही विकणार. आधी ते पुसा. माझ्यासमोर."

"त्याशिवाय तुमच्यात दाखवण्यासारखं काय आहे, काका?"

"टाकी आहे की."

बाई हिरमुसल्या. तरी त्यांनी त्याच्यासमोर ते पुसलं, माइक काढून घेतला आणि सामान आवरून निघून गेल्या. टीव्हीचे पैसे गेले.

"मोठा नट व्हायला निघाला होता," जोडीदार म्हणाला. "चल, बांध दोर."

रेडिओ पुन्हा उतरला. मेहुण्यापासून सुरुवात केली. अर्धवट राहिलेला कोपरा आधी घासला, मग तळ. उरलेला गाळ फडक्याने टिपला. बोट फिरवलं, ते कोरडं निघालं, तेव्हाच वर आला.

त्या टाकीच्या मजुरीतून पोरीच्या खोलीला लाकडी दार आलं. सुताराने विचारलं, "कडी बाहेरून लावू?"

"आतून," रेडिओ म्हणाला.