काकांचा आवडता बँड

म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममध्ये एका निवृत्त प्राध्यापिकेच्या घरी आम्ही चौघं दर रविवारी संध्याकाळी गाणी ऐकायला जमतो. मॅडम वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, आणि त्यांनी नेलेली पुस्तकं परत मागता मागता आमची मैत्री झाली. तिसरे एक दंतवैद्य. फार हळू बोलणारा माणूस, पण त्यांना आवडतात ते नॉर्वेतले बँड, ज्यांतले लोक तोंडाला काळंपांढरं फासून घसा फाटेपर्यंत ओरडतात. चौथा पुण्याहून आलेला इंजिनिअर. हिनकलला राहतो, मराठी रॅप ऐकतो आणि माझं म्हैसूरचं मराठी ऐकून अधूनमधून गालात हसतो.

पहिल्या दोन रविवारी सगळ्यांनी आपापल्या लहानपणची गाणी लावली. प्रत्येक गाण्यानंतर कोणीतरी "आता असं होणे नाही" म्हणून डोळे पुसायचं. बैठकीला श्राद्धाची कळा आली. तेव्हा मॅडमनी नियम केला, की ज्याचं गाणं लावायचं तो कलाकार आज गात-वाजवत असला पाहिजे. मेलेले आणि निवृत्त झालेले बाद.

या नियमाने माझी पंचाईत झाली, कारण मला आजचं म्हणून जे आवडतं ते सांगायची लाज वाटायची. कोरियातल्या पाच मुली एकदम नाचत गातात. शब्द एक कळत नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी हे कबूल करणं अवघड होतं, पण केलं. मॅडमनी शांतपणे पूर्ण गाणं ऐकलं आणि विचारलं, "यांना दम लागत नाही?" तेवढ्यावर माझी सुटका झाली.

मार्गशीर्षात एका रविवारी मी काकांना बरोबर नेलं. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मंडी मोहल्ल्यात राहतात. आमच्या घराण्यात पूर्वी सगळे म्हैसूरच्या फौजेत होते. काका पोस्टमन झाले, पण चाल फौजेतलीच राहिली. काकू मुलीकडे हुबळीला गेली होती आणि ते घरात एकटे कंटाळले होते.

"मी काय करू तिथं?" ते म्हणाले.

"काही नाही. बसा, ऐका, कॉफी प्या."

"सुम्ने बसायचं?"

सुम्ने म्हणजे उगाच. आमच्या घरातल्या मराठीला हा कानडी शब्द मिठासारखा लागतो.

ते सुम्ने बसले. डॉक्टरांनी लावलेलं नॉर्वेचं गाणं त्यांनी मान खाली घालून, एखाद्याच्या घरी वाईट बातमीचं पत्र द्यायला गेल्यासारखं ऐकलं. इंजिनिअरचं रॅप ऐकून म्हणाले, "पोरगा भांडतोय, पण तालात भांडतोय." मग मॅडमनी शिष्टाचार म्हणून त्यांच्याकडे मोर्चा वळवला.

"आणि तुमचा हल्लीचा आवडता बँड कोणता?"

आम्हाला वाटलं, ते हसून हात हलवतील. काका जरा सावरून बसले आणि म्हणाले, "आमच्या गल्लीच्या टोकाला आहे तो. लग्नात वाजवतात."

इंजिनिअर हसला. मीही हसले. काका हसले नाहीत.

"लाल कोटवाले," ते म्हणाले. "तिकडचे निळे कोटवाले पण चांगले, पण त्यांचं सगळं ढोलावर. या लोकांकडे क्लॅरिनेट आहे. आहे म्हणजे, होतं. आता वर्षभर वाजवणारा दुसऱ्या कडव्यात श्वास चुकीच्या जागी घेतोय. पहिला माणूस राहिला नाही. तरी चाल बांधावी तर यांनीच."

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "तुम्ही प्रत्यक्ष ऐकलंय?"

"परवाच. त्याच्या आदल्या बुधवारी पण. तुम्ही तुमचे ते ओरडणारे कुठे ऐकले?"

डॉक्टरांनी त्यांचे ओरडणारे आयुष्यात प्रत्यक्ष ऐकले नव्हते. मीही माझ्या पाच मुली फोनवरच पाहिलेल्या. इंजिनिअरने त्याचा रॅपवाला एकदा पुण्यात ऐकला होता, पण पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर बाई बसल्यामुळे दिसला काहीच नव्हता. खोलीत एकच खरा रसिक होता, आणि तो बशीत ओतून कॉफी पीत होता.

"परवा कुणाचं लग्न होतं, काका?" मी विचारलं.

"होतं एक."

"ओळखीचं?"

"बँड ओळखीचा होता."

घरी परतताना रिक्षात मी खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. लग्नसराईत काका बँडच्या मागावर असायचे. बँडच्या दुकानाबाहेर फळ्यावर रोजची ठिकाणं खडूने लिहिलेली असतात. काका सकाळी दूध आणायला जाताना ती वाचायचे आणि संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून त्या छत्रात हजर व्हायचे. छत्र म्हणजे आमच्याकडचं मंगल कार्यालय. आमंत्रण नाही, ओळख नाही.

"आणि जेवता तिथं?"

"छे," काका दुखावले. "मी काय जेवायला जातो? फार आग्रह केला तर मजिगे घेतो." मजिगे म्हणजे ताक.

मला त्या रात्री झोप लागली नाही. काकूला सांगावं की नाही हा एक प्रश्न, आणि एखाद्या मांडवात कोणी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं तर, हा दुसरा. पण मी सोमवारी ही काळजी मॅडमना बोलून दाखवली, तर त्या म्हणाल्या, "पुढचं कधी आहे?"

पुढचं शुक्रवारी होतं, हुणसूर रस्त्यावरच्या एका छत्रात. आम्ही पाचही जण निघालो. काकांनी आम्हाला रिक्षातून उतरल्यावर एका बाजूला घेऊन सूचना दिल्या. वरातीच्या मागून चालायचं नाही, मागे आवाज फुटतो. बाजूने चालायचं, ढोलापासून आठ पावलं सोडून. फर्माईश करायची नाही. कोणी काही विचारलं तर खोटं बोलायचं नाही, पण खरं सांगायची घाईही करायची नाही.

डॉक्टर दवाखान्यातून थेट आले होते आणि पांढरा कोट काढल्यावर आत बोकडाच्या कवटीचं चित्र असलेला काळा टी-शर्ट निघाला. काकांनी त्या बोकडाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "पुट्टी, तुझी शाल दे त्यांना." मी आयुष्यभर त्यांची पुट्टी, म्हणजे छोटीच, आहे. डॉक्टरांनी माझी मोरपंखी शाल दोन्ही खांद्यांवरून घेतली. ते एकदम मुलीकडच्या मामांसारखे दिसू लागले.

वरात गणपतीच्या देवळापासून निघाली आणि बँड सुरू झाला. मला बँड म्हणजे रस्ता अडवणारा गोंगाट एवढंच माहीत होतं. काकांच्या सांगण्यावरून आठ पावलांवरून ऐकलं तेव्हा कळलं, की तिथं एक गोष्ट चाललेली असते. ट्रम्पेट पुढे जाऊन काहीतरी विचारतं, मागचे सगळे मिळून उत्तर देतात, आणि मधून क्लॅरिनेट त्या दोघांचीही थट्टा करत निसटून जातं. वाजवणारा मास्तर साठीचा, बारीक, लाल कोट त्याला दोन माप मोठा. काका त्याच्या बोटांकडे बघत चालत होते. एका ठिकाणी त्यांनी माझं मनगट दाबलं. "इथं," ते कुजबुजले. "इथं श्वास घेतला बघ. शब्द तुटला."

मला काही तुटल्यासारखं वाटलं नाही, पण मी मान हलवली.

छत्राच्या दारात पोचायच्या आत पकडले गेलो. रेशमी पंचा नेसलेले एक गृहस्थ मॅडमपुढे हात जोडून उभे राहिले आणि कानडीत म्हणाले, "आपण मुलाकडच्या ना?"

काकांची सूचना विसरून मॅडम म्हणाल्या, "हो. मुलाच्या आत्याच्या जाऊबाई."

"मुलाला आत्या नाही," गृहस्थ म्हणाले. "मी मुलाचा काका."

मॅडमनी चाळीस वर्षं विद्यार्थ्यांच्या खोट्या सबबी पकडल्या होत्या. स्वतः सांगायची वेळ आल्यावर त्यांना पहिलीसुद्धा धड जमली नाही. इंजिनिअर फोनमध्ये बघत दोन पावलं मागे सरकला. तेव्हा काका पुढे झाले.

"आम्ही बँडकडचे," ते म्हणाले.

हे उत्तर गृहस्थांना समजायच्या आत घोड्यावरून हाक आली, "डॉक्टर!" नवरदेव डॉक्टरांचा पेशंट निघाला. लग्नाआधी त्याने त्यांच्याकडून समोरचे चार दात सरळ करून घेतले होते. "तुम्हाला पत्रिका द्यायला संकोच वाटत होता," तो म्हणाला. "तरी आलात. घरच्यांना घेऊन आलात."

आम्ही घरचे झालो. त्यानंतर आमचं कोणी काही ऐकलं नाही. आम्हाला आत नेलं, अत्तर लावलं, स्टेजवर चढवलं. फोटोत नवरदेव नवे दात दाखवून हसतोय, डॉक्टर मोरपंखी शालीत घामाघूम, मॅडम खऱ्या आत्यासारख्या मधोमध, आणि टोकाला काका, पडलेल्या चेहऱ्याने. कारण दाराबाहेर बँडचा शेवटचा भाग चालू होता. वरात दाराशी थांबली की मास्तर एकट्याने क्लॅरिनेट वाजवतो. काका त्यासाठीच येतात. तो सोहळा फोटो काढण्यात गेला.

आम्ही कसेबसे सुटून बाहेर आलो तेव्हा बँडवाले भिंतीकडेला चहा पीत उभे होते. काका निघाले होते, पण मास्तरच आडवा आला.

"साहेब, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "निळे कोटवाले तुम्हाला का पाठवतात?"

"मला?"

"वर्षभर बघतोय. प्रत्येक लग्नात बाजूने चालता, माझ्या बोटांकडे बघता. जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. तुम्ही दिसलात की मी पोरांना खूण करतो, नवीन चाली बंद, जुन्याच वाजवा."

वर्षभर काका ज्या बँडच्या प्रेमात होते, तो बँड त्यांना बघून मुद्दाम साधं वाजवत होता. मी त्यांच्या वतीने सांगायला लागले, पोस्टमन होते, निवृत्त झाले, फक्त ऐकायला येतात. मास्तरला ते पटेना. नुसतं ऐकायला कोण येतं, असं त्याचं म्हणणं. लोक नाचायला येतात.

मग काकांनी तोंड उघडलं. आणि माफी मागायची सोडून म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात तुम्ही श्वास चुकीच्या जागी घेता. तुमच्याआधी जो वाजवायचा, ज्याची तालीम मी घरात बसून ऐकायचो, तो बरोबर घ्यायचा. त्याला कुठे घालवलात?"

बँडवाल्यांचा चहा थांबला. मला वाटलं, आता दंडाला धरतात.

"आधीही मीच होतो," मास्तर म्हणाला. त्याने वरचा ओठ बोटाने उचलून दाखवला. समोरचा एक दात नव्हता. "गेल्या वर्षीच्या दिवाळीत पडला. हवा तिथून जाते. दम पुरत नाही, म्हणून अर्ध्यात घ्यावा लागतो." जरा थांबून तो म्हणाला, "आजपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं."

काकांचे डोळे भरले होते. ते चष्मा पुसायला लागले. तेवढ्यात आमचे डॉक्टर शाल सावरत पुढे आले, मास्तरची हनुवटी वर करून फोनच्या उजेडात आत डोकावले आणि त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "वाद्य घेऊन या सोमवारी. दात वाद्याच्या मापाने बसवायला लागेल."

मास्तर तीन वेळा गेला. दवाखान्यात बसून वाजवून बघायचं, मग डॉक्टर जरा घासायचे, मग पुन्हा वाजवायचं. बाहेर थांबलेल्या पेशंटांना आत काय चाललंय ते कळेना. एक बाई म्हणे नंबर असूनही उठून गेल्या. काका तिन्ही वेळा हजर होते. दुसऱ्या वेळी त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "अजून सूतभर," आणि डॉक्टरांनी ते ऐकलं.

आता श्वास बरोबर जागी पडतो, असं काका म्हणतात. मला अजूनही फरक कळत नाही. मास्तर दर गुरुवारी त्यांना फोनवर पुढच्या आठवड्याची ठिकाणं पाठवतो. हुबळीहून परतलेल्या काकूला हे समजलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी साडी कोणती नेसू म्हणून विचारायला लागली. रविवारच्या बैठकीत काकांची खुर्ची ठरून गेली आहे. डॉक्टरांनी त्यांना नॉर्वेवाल्यांचं एक संथ गाणं ऐकवलं; काकांनी ते तीनदा लावायला सांगितलं आणि म्हणाले, ढोलवाला नोकरीवर ठेवण्यासारखा आहे.

वैशाखात मास्तरच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका द्यायला तो स्वतः काकांच्या घरी आला. त्या दिवशी लाल कोटवाले सगळे पाहुणे, नव्या शर्टांत, हात कुठे ठेवावेत ते न कळून उभे. वाजवायला अर्थातच निळे कोटवाले होते. विधी आटोपल्यावर मी काकांना जेवायला शोधत होते. ते मांडवाबाहेर, वाजवणाऱ्या निळ्या कोटवाल्यांसमोर, प्लास्टिकच्या खुर्चीवर सापडले. शेजारच्या खुर्चीवर मुलीचा बाप, फेटा मांडीवर काढून ठेवलेला. आत मुलगी सासरच्या लोकांच्या पाया पडत होती आणि फोटोवाला "मुलीचे वडील कुठे आहेत" म्हणून ओरडत होता.

"सगळं ढोलावर," काका म्हणाले.

"सगळं," मास्तर म्हणाला, आणि दोघांनी खुर्च्या अजून थोड्या पुढे ओढल्या.