धुक्यात वाजलेली परात

भिगवणच्या पाणकाठावर बानूबाईला ओळखत नाही असं माणूस नव्हतं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर तिच्या नवऱ्याची, मकसूदची होडी होती. मकसूद मासे आणायचा, बानूबाई रस्त्याकडेला बसून विकायची. चिलापी मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती आधी त्याच्या घरची ख्यालीखुशाली विचारायची आणि मग तराजू उचलायची. अशी तिची सारी उमर पाण्याच्या सोबतीनं गेली.

त्या पाण्याचे दोन कायदे होते. कुणी लिहिलेले नव्हते, पण काठावरचं शेंबडं पोरसुद्धा ते पाळायचं.

पहिला कायदा चिंधीचा. पाण्यात जाळं टाकलं की थर्माकोलचा तुकडा वर तरंगत ठेवायचा आणि त्याला आपल्या घरच्या रंगाची चिंधी बांधायची. मकसूदची चिंधी हळदी रंगाची. जिथं ती चिंधी फडफडते तिथं आपलं जाळं, आपलं घर. दुसऱ्याच्या चिंधीला हात लावायचा नाही आणि आपली चिंधी वाहत गेली तर जिथं असेल तिथून सोडवून आणायची.

दुसरा कायदा परातीचा. थंडीत पहाटेचं धुकं पाण्यावर असं बसतं की होडीतल्या माणसाला स्वतःचं वल्हं दिसत नाही. अशा वेळी घरच्या बाया पितळेची परात आणि उलथनं घेऊन काठावर उभ्या राहतात आणि परात बडवतात. धुक्यात अडकलेला माणूस मग डावं-उजवं बघत नाही, नाकासमोर आवाजावर येतो. म्हणून वाजवणारीनं कुठं उभं राहायचं, यावर सगळं असतं. धरणात बुडालेल्या जुन्या बाभळींची खोडं पाण्याखाली अजून भाल्यासारखी उभी आहेत. परात वाजवायची ती मोकळ्या पाण्याच्या तोंडाशीच.

बानूबाईची थोरली जाऊ जमीला एका सकाळी घाबरली आणि घराजवळच्याच काठावर उभी राहून परात बडवू लागली. घर जवळ होतं, म्हणून तिथं. तिचा नवरा त्या आवाजावर सरळ आला. मधे बाभळी होत्या. पुढं जमीला जगली पुष्कळ वर्षं, पण तिच्या घरात परात कधी भिंतीला टेकवून ठेवली नाही. पालथी घालून, वर पोतं टाकून ठेवायची.

मकसूद मात्र पाण्यानं नेला नाही. तो खाटेवर, तापानं गेला. होडी विकली. बानूबाईनं मागं ठेवली ती परात आणि हळदी चिंध्यांचं एक गाठोडं.

मुलगा परवेज बारामतीच्या एमआयडीसीत कामाला लागला होता. त्यानं भिगवण रस्त्यावरच्या 'मेपल टाऊनशिप'मध्ये घर घेतलं आणि आईला घेऊन गेला.

मेपल म्हणजे काय, हे तिथल्या निम्म्या लोकांनाही सांगता येत नव्हतं. बिल्डर अमेरिकेला लेकाकडं जाऊन आला होता आणि तिथल्यासारखी वस्ती हितं उभी करायची हा ध्यास घेऊनच परतला होता. उसाच्या रानात त्यानं उतरत्या लाल छपरांची घरं ओळीनं बांधली. सगळी एका उंचीची, एका रंगाची. दारापुढं हिरवळ आणि कुंपण कुणालाच नाही. कुंपण घालायचं नाही, दाराला तोरण लटकवायचं नाही, बाहेर वाळवण टाकायचं नाही, असा सोसायटीचा नियम. दारोदार खांबावर टपालाच्या लाल पेट्या. त्यांत टपाल कधी आलं नाही, चिमण्यांनी घरटी मात्र केली.

माणसं वाईट नव्हती. कुणी कारखान्यातले इंजिनिअर, कुणी कॉलेजातले मास्तर, कुणी इंदापूरच्या कचेरीतून निवृत्त झालेले. सकाळी गाड्या निघायच्या, संध्याकाळी परतायच्या. मधल्या वेळात सगळी वस्ती अशी गप्प व्हायची की बानूबाईला आपल्याच चपलांचा आवाज मागून कुणी आल्यासारखा वाटायचा. कुंपण नसलेली, तरी दारं बंद असलेली वस्ती तिनं जन्मात पाहिली नव्हती. पहिल्याच आठवड्यात ती भाजी घेऊन दुसऱ्याच घराच्या दाराशी गेली आणि कुलपाशी झटत राहिली. दारावरच्या कॅमेऱ्यानं तिचं चित्र टिपलं. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ते फिरलं, खाली लिहिलेलं, 'अनोळखी बाई, सावध राहा.'

परवेजनं सगळ्यांना समजावलं. शेजारची उत्कर्षा तर घरी येऊन माफी मागून गेली. पण बानूबाईच्या पोटात तेव्हापासून जे भ्या बसलं ते उठलं नाही. आपण चुकलो तर चालेल, पण सिमरन चुकली तर?

सिमरन तिची नात. शाळेत घालायला अजून एक वर्ष होतं. परवेज आणि सून सबिना दोघंही सकाळी कामावर जायचे, पोरगी दिवसभर दादीच्या पदराशी. बानूबाईनं गाठोडं सोडलं, एक हळदी चिंधी काढली आणि दाराच्या कडीला बांधली.

"ही बग," ती नातीला म्हणाली, "ही चिंधी जितं, तितं आपलं घर. कुठं चुकलीस तर हिला हुडकायचं."

"आणि चिंधीच हरवली तर?"

"तर जिथं आसंल तिथनं सोडवून आणायची. आपली चिंधी कुणाकडं ऱ्हाऊ द्यायची न्हाय."

जेवणाच्या वेळी ती दारापुढच्या ओट्यावर उभी राहून परात वाजवायची आणि सिमरन खेळ टाकून, वाटेत कुठंही न थांबता धावत यायची; तसंच तिला शिकवलं होतं. शेजारपाजारच्यांना त्याची गंमत वाटायची.

वस्तीच्या मागं एक तळं होतं. ऊस होता तेव्हाचं शेततळं, बिल्डरनं बुजवलं नाही, हिरवळीच्या पाण्यासाठी ठेवलं. वस्तीत त्याला 'लेक' म्हणत. उतारावर काळं प्लास्टिक अंथरलेलं आणि भोवती तारेची जाळी. जाळीचं दार पलीकडच्या अंगाला, पाण्याच्या मोटारीच्या खोलीशी, उसाकडं तोंड करून. त्या प्लास्टिकवरून एकदा एक कुत्रं आत घसरलेलं बानूबाईनं पाहिलं होतं. पोहत होतं चांगलं, पण काठाला आलं की नखं धरेनात, पुन्हा आत. माळीकाम करणाऱ्या ठमाबाईनं पोतं सोडलं तेव्हा ते वर आलं. उजनीच्या पाण्याला बानूबाई कधी भ्याली नव्हती. त्याला काठ होता, चिखल होता, पाय टेकायला जागा होती. ह्या पाण्याला काठच नव्हता. त्या दिवसापासून ती तळ्याकडं बघतानाही नातीचा हात धरायची.

पौषातली सकाळ होती. धुकं एवढं की समोरच्या घराचं लाल छप्पर गायब. परवेज आणि सबिना दिवे लावून गाडीनं गेले. सिमरन दारात येऊन ओरडली, "दादी, आपली चिंधी न्हाय!"

कडी मोकळी होती. ठमाबाई गल्लीत झाडत होती. ती सांगवीकडची, तोंडानं फटकळ, मनानं मऊ.

"ठमे, हितली चिंधी कुणी नेली गं?"

"मीच की. सेक्रेटरी सायबांनी काल काढाय लावली. म्हनले, अमेरिकेत दाराला चिंध्या बांधत न्हाईत." ठमाबाई हसली. "चांगली घट व्हती, टाकवंना. तळ्याच्या दाराची कडी तुटलीया न्हवं, तिला बांधली."

"बरं केलंस," बानूबाई म्हणाली आणि आत गेली, कारण दूध वर आलं होतं.

तेवढंच. दूध उतरवलं, गॅस बंद केला, सांडलेलं पुसलं. बाहेर आली तर दारात कुणी नव्हतं.

आधी वाटलं, ठमीमागं गेली असंल. मग धुक्यातून खराट्याचा आवाज जवळ आला आणि ठमाबाई एकटीच आली.

"सिमरन कुठंय?"

"माज्यासंगं न्हाय, बाई."

बानूबाईनं दाराच्या मोकळ्या कडीकडं पाहिलं. पोरगी कुठं गेली हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनंच शिकवलं होतं. जिथं असेल तिथून सोडवून आणायची. आणि चिंधी सोडली की तळ्याचं दार उघडणार होतं.

हात आपसूक परातीकडं गेला. उलथनं उचललं, ओट्यावर आली, हात वर केला आणि तो तसाच वर राहिला.

तळं मधे होतं. पोरगी पलीकडच्या दाराशी असणार आणि घर ह्या बाजूला. परात वाजली की ती सरळ आवाजावर येणार. मधलं काळं प्लास्टिक तिला धुक्यात दिसणार नाही, आणि दिसलं तरी ती थांबणार नाही, कारण थांबायचं नाही हेच तिला रोज शिकवलं होतं. बानूबाईला जमीलाच्या घरातलं ते पोतं टाकलेलं भांडं दिसलं. तिनं उलथनं पदरात गुंडाळलं, चुकूनसुद्धा ते परातीला लागू नये म्हणून.

तेवढ्यात गल्ली जागी झाली. ठमाबाईनं सांगितलं असावं. दारं उघडली. सेक्रेटरी विजयसिंह पूर्वी शाळेत पीटीचे मास्तर होते. ते गळ्यातली शिट्टी घेऊनच बाहेर आले आणि धुक्यात एक लांब शिट्टी घुमली. उत्कर्षा गल्लीच्या टोकाला पळत गेली, तळ्याच्या ह्या बाजूच्या जाळीला धरून ओरडली, "सिमरन! ए सिमरन, बाळा!"

आणि पलीकडून, पाण्यावरून, बारीक आवाज आला, "आले!"

सगळ्यांना हायसं वाटलं. कुणीतरी "सापडली" म्हणालंसुद्धा. बानूबाई मात्र चपला टाकून धावली, उत्कर्षाच्या तोंडावर हात दाबला.

"गप! कुणी हाक मारू नगा. मधी पानी हाय. हाकंवर ती सरळ यील."

"अहो, पण ती घाबरेल ना," विजयसिंह म्हणाले आणि शिट्टी पुन्हा ओठाला लावली.

"घाबरू द्या, मास्तर! घाबरली तर जाग्यावर ऱ्हाईल. पाया पडते तुमच्या, गप ऱ्हावा."

विजयसिंहांनी शिट्टी खाली केली. उत्कर्षा मागं वळली आणि धुक्यातून येणाऱ्या एकेकाला तोंडावर बोट ठेवून अडवू लागली. कुणाचा तरी फोन वाजला, तो छातीशी दाबून बंद झाला. मग काहीच आवाज राहिला नाही.

"दादी?" पलीकडून आलं. जरा थांबून पुन्हा, "दादी, कुठाय तू?"

उत्तर द्यायचं नाही. ह्या एवढ्या आयुष्यात बानूबाईनं कष्ट केले होते, मयती पाहिल्या होत्या, पण त्या हाकेला ओ न देणं हे सगळ्यांत जड गेलं. तिनं परात पोटाशी धरली, दुसऱ्या हातानं जाळी चाचपली आणि जाळीच्या कडेकडेनं चालू लागली. पायात काटे घुसत होते. धुकं तोंडात जात होतं. जाळीचा कोपरा आला, वळली. पलीकडून रडण्याचा आवाज सुरू झाला आणि तिला त्या रडण्याचा आधार वाटला. रडतेय तोवर आहे.

मग रडणं थांबलं.

बानूबाई उभी राहिली. पाण्यात काही पडल्याचा आवाज आला का? की बेडूक? कान इतके ताणले की त्यांत तिचंच रक्त वाजू लागलं. तिला वाटलं, आता पुढं जाऊच नये. हितंच उभं राहावं, म्हणजे काय झालं ते कधी कळणारच नाही. तरी ती गेली. दुसरा कोपरा आला. मोटारीच्या खोलीची ओली भिंत हाताला लागली. जाळीचं दार सताड उघडं होतं.

ती दारातून आत गेली नाही. मागं सरली, उसाच्या बांधाला पाठ लावून उभी राहिली, तळं समोर ठेवून. आता पोरगी आणि परात यांच्यामधे फक्त माती होती. तिनं "या अल्लाह" म्हटलं आणि उलथनं मारलं.

परात वाजली. पाण्यावरून तो आवाज वस्तीपर्यंत गेला. वस्तीतून चकार शब्द आला नाही. ती बडवत राहिली, मोजकं, एकसारखं, जसं होडीसाठी बडवतात तसं. घाईनं बडवलं तर माणूस घाई करतो. समोर नुसतं पांढरं होतं. ती बडवत राहिली आणि पांढरं तसंच राहिलं. हात भरून आला. मनात एकच गोष्ट होती, हात थांबला की संपलं.

मग त्या पांढऱ्यात खाली, जमिनीलगत, हळदी रंगाचा एक ठिपका दिसला.

सिमरन दारातून आली ती मुठीत चिंधी धरून. नाक गळत होतं. "दादी," ती रुसून म्हणाली, "तू हिकडं कशी? घर तर तिकडंय."

बानूबाई खाली बसली. पोरीला पोटाशी ओढताना तिच्या हाताला एक सँडल लागली, ओली. दुसरी कोरडी होती.

लोक आले. उत्कर्षा रडत होती. ठमाबाई कपाळावर हात मारून घेत होती, "माजाच म्याडपना, बाई, माजाच." विजयसिंह कुणाकडं न बघता तारेचा तुकडा हुडकून दाराला बांधत राहिले. बांधून झालं तरी पीळ घालत राहिले.

"मास्तर," बानूबाई म्हणाली, "नियम तुमचा असू द्या. पर चिंधी मी आजच बांधनार हाय."

"मी स्वतः बांधून देतो, मावशी," ते म्हणाले.

सगळे सिमरनला घेऊन घराकडं गेले. बानूबाई म्हणाली, मी येते मागनं. ती जाळीला धरून उभी राहिली. ऊन आलं, धुकं पाण्यावरून उठू लागलं. काळ्या प्लास्टिकवर दवाचा पातळ थर होता, सगळीकडं सारखा, पांढुरका. फक्त एका जागी तो पुसला गेला होता. एका लहान पायाची घसरलेली रेघ, वरून खाली, थेट पाण्याला टेकलेली. तिच्या बाजूला, वर, पाच बोटांचे पाच ओरखडे. तिथंच प्लास्टिकला एक जुनं ठिगळ होतं, त्याची कड जराशी उचललेली. त्या कडेला पोरीनं धरलं असावं. रडणं थांबलं होतं, ते तेव्हा.

ऊन चढलं तसं दव वाळत गेलं. आधी कडेचं, मग मधलं. रेघ आणि ओरखडे भोवतीच्या काळ्यात मिसळून गेले. त्या जागी काही होतं असं आता कुणालाच ओळखता आलं नसतं. तोवर बानूबाई तिथून हलली नाही.

त्या रेघेबद्दल तिनं परवेजला कधी सांगितलं नाही, सबिनालाही नाही. घरी जाऊन तिनं परात घासली, पुसली आणि रोजच्यासारखी भिंतीला टेकवून ठेवायला गेली. मग थांबली, ती पालथी घातली आणि वर पोतं टाकलं.