घडीचं की सांधलेलं

नत्थूजी रेकॉर्डच्या पुठ्ठ्याच्या कव्हरांना कापडाची नावं देतात. दुकानातून आणलं आणि कधी उघडलंच नाही, ते कोरं. उघडलं पण जपून ठेवलं, ते घडीचं. हाताळून कडा मऊ झालेलं, पण धड, ते धुवट. त्याच्या खाली विरलेलं आणि सगळ्यात शेवटी चिंधी. दुरुस्त केलेलं कव्हर कितीही छान दिसो, त्याच्या चिठ्ठीवर एक शब्द जास्तीचा येतो: सांधलेलं.

जुन्या रेकॉर्ड जमवणारे लोक यासाठी इंग्रजी अक्षरं वापरतात. मी एकदा नत्थूजींना ती यादी मोबाईलवर दाखवली. त्यांनी ती नीट वाचली आणि मोबाईल परत दिला.

"चांगली आहे," ते म्हणाले. "पण धुवट म्हटलं का मले लुगडं दिसते. या अक्षरानं काहीच दिसत नाही."

लुगडी त्यांनी विणली आहेत. गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घरी दोन हातमाग होते. ते मागावर बसत आणि त्यांची बायको तुळजाबाई सुताच्या कांड्या भरत असत. हातमाग बंद पडले तेव्हा नत्थूजी महाल भागातल्या एका छापखान्यात पुस्तकं बांधायला लागले. तिथं एकदा कुणीतरी रेकॉर्डचं फाटलेलं कव्हर घेऊन आलं. त्यांनी ते सांधून दिलं, त्या माणसानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आता नत्थूजी एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि शहरात रेकॉर्ड ठेवणारे बहुतेक जण कधी ना कधी त्यांच्या पुढच्या खोलीत येऊन बसलेले आहेत. मीही तशीच गेले होते, मामाच्या पेटीतली एक रेकॉर्ड घेऊन. तिचं कव्हर तिन्ही बाजूंनी उघडं पडलं होतं.

"चिंधी," नत्थूजी म्हणाले. मला वाईट वाटायच्या आत पुढे म्हणाले, "पण सांधली जाईन."

तेव्हापासून मी रविवारी तिथं जाऊन बसू लागले. मला त्यांचं काम बघायला आवडतं. कव्हराची कड फुटली असली तर ते आधी कणा उघडतात. त्यासाठी त्यांच्याकडे एक पातळ पाती आहे. मागाच्या पोलादी फणीचा एक दात काढून दगडावर घासून केलेली. चिकटवायला बाजारातला डिंक नाही. सुताला लावायची ती ज्वारीच्या पिठाची खळ, तीत कसर लागू नये म्हणून किंचित मोरचूद. कण्याला आतून पातळ कागदाची पट्टी बसते. ही पट्टी ते कातरीनं कापत नाहीत. ओली करून फाडतात. तिच्या कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जुन्या पुठ्ठ्यात मुरून जातात. आतल्या रेकॉर्डच्या दाबानं कव्हरावर जी गोल, पांढरट झीज होते तिला ते चंद्र म्हणतात. चंद्राला ते हात लावत नाहीत. रंग भरला की कव्हर खोटं होतं, असं त्यांचं म्हणणं.

पण लोक येतात ते सांधण्यापेक्षा पारखीसाठी. नत्थूजी कव्हर उजेडात धरतात, तिरपं करतात, आत डोकावतात आणि एका चिठ्ठीवर शब्द लिहून सही करतात. त्या चिठ्ठीचा फोटो पाहून इंदूरचा माणूस हैदराबादच्या माणसाशी न भेटता अदलाबदल करतो. नत्थूजींना याचा अभिमान होता. तो ते बोलून दाखवत नसत, पण सही मात्र फार सावकाश करत.

जानेवारीतल्या एका रविवारी देवराव आले होते. देवराव कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, अजून तिथल्या कॉलनीतच मुलाकडे राहतात आणि बसनं येतात. सनईची एक रेकॉर्ड ते बावीस वर्षं शोधत होते. ती हैदराबादच्या एका माणसाकडे निघाली. त्या बदल्यात देवरावांनी जुन्या बाजारातून घेतलेली एक रेकॉर्ड तो घ्यायला तयार होता, फक्त कव्हर जपलेलं, न सांधलेलं हवं होतं. आदल्याच आठवड्यात नत्थूजींनी त्या कव्हराची पारख केली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं: घडीचं. आता पार्सल बांधायचं होतं आणि देवरावांना ते नत्थूजींच्या हातूनच बांधून हवं होतं.

मी हिंगण्याच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. धातूच्या तुकड्यांना गेलेले तडे शोधायचं काम. डोळ्यांना न दिसणारी भेग रंगीत द्रव आणि जांभळ्या प्रकाशाच्या टॉर्चनं दिसते. अशी एक टॉर्च मी स्वतःसाठी घेतली होती आणि ती नत्थूजींना दाखवायची मला घाई झाली होती. आजकालच्या पांढऱ्या कागदात एक रसायन असतं, त्यामुळे तो या प्रकाशात निळा चमकतो. जुना पुठ्ठा सहसा काळाच राहतो, जुन्या कागदाची पट्टीही.

"काका, गंमत बघा," मी म्हणाले.

भर दुपारी अंधार कुठून आणायचा? तुळजाबाईंनी दुलई दिली. नत्थूजी आणि देवराव दोघंही डोक्यावरून दुलई घेऊन बसले आणि मी बाहेरून हात घालून टॉर्च धरली.

"वाफ घेऊन राहिले का जी दोघं?" तुळजाबाई म्हणाल्या.

हाताशी होतं म्हणून देवरावांनी पार्सलातलंच कव्हर आत घेतलं. दुलईत पुठ्ठ्याची सरसर झाली. मग देवराव म्हणाले, "हे निळं काय आहे गा?"

कण्याच्या आतून वरपासून खालपर्यंत एक बारीक निळी रेघ होती.

नत्थूजींनी दुलई बाजूला केली. कव्हर खिडकीशी नेलं. उजेडात पुन्हा काही दिसत नव्हतं. त्यांनी बोट फिरवलं, मान हलवली आणि कव्हर तुळजाबाईंकडे दिलं. तुळजाबाईंनी हात आत घातला. डोळे कव्हराकडे नव्हते, दाराकडे होते.

"पट्टी आहे," त्या म्हणाल्या. "आणि खालून दोन सूत कमी आहे."

दोन सूत म्हणजे पाव इंच. रेकॉर्ड आत सरकवताना पट्टीचं टोक उचलू नये म्हणून नत्थूजी तेवढी जागा सोडतात. दुसरं कुणी सोडत नाही.

"लकडगंजच्या आरागिरणीवाल्यांचं रेकॉर्डचं खोकं आलं होतं ना जी, आठ वर्षं झाले? त्याच्यातलं असंन."

म्हणजे कव्हर सांधलेलं होतं. सांधलं होतं नत्थूजींनीच. आणि त्यांनीच त्यावर घडीचं म्हणून सही केली होती.

देवराव आधी हसले. "हे तर भारीच झालं. तुमचं तुम्हालेच समजलं नाही, तर हैदराबादवाल्याले का समजते? बांधा पार्सल."

"नाही."

"काहून नाही? कव्हर कालच्यापेक्षा खराब झालं का?"

"कव्हर नाही झालं, चिठ्ठी झाली." नत्थूजींनी चिठ्ठी उचलून खिशात घातली. "ही एक सापडली. मागच्या किती अशा असतीन, मले का मालूम? आजपासून चिठ्ठी बंद. सांधून देईन, पारख नाही करणार."

देवरावांनी रागानं कव्हर पिशवीत टाकलं. "बावीस वर्षं, नत्थूजी," एवढंच म्हणाले आणि बसला निघून गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. टॉर्च माझी होती.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा नत्थूजी खळ ढवळत होते. वर्ध्याहून दोघं पारखीला आले होते, त्यांना त्यांनी चहा पाजून परत पाठवलं होतं.

"डोळे गेले म्हणते," तुळजाबाई मला म्हणाल्या. "दिवाळीत डॉक्टरनं पाहिले. चष्मा बरोबर आहे म्हणे. पण याहीले डॉक्टरपेक्षा जास्त समजते."

"चष्म्याचं नाही वं," नत्थूजी म्हणाले. "नजर गेली."

मी घाबरतच सांगितलं की आमच्याकडे दर वर्षी तपासणाऱ्याचीच तपासणी होते. तडे कुठं आहेत ते माहीत असलेले तुकडे त्याच्यापुढे ठेवतात, आणि त्यानं ते ओळखायचे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

"आणि नाही ओळखले तर?"

"तर कळतं काय चुकतंय ते. आता तुम्हाला तेही माहीत नाही."

नत्थूजी खळ ढवळत राहिले. मग म्हणाले, "देवरावले फोन लाव."

देवरावांना मनवायला तुळजाबाईंना दोनदा बोलावं लागलं. पण आले ते बारा कव्हरं घेऊन. त्यातली पाच दुसऱ्या कुणीकुणी सांधलेली, चार नत्थूजींनी आणि तीन कधीच न सांधलेली. कोणतं कव्हर कोणतं, याची यादी देवरावांच्या खिशात. चित्रावरून ओळख पटू नये म्हणून मी प्रत्येक कव्हर वर्तमानपत्रात गुंडाळलं, कण्यावरच्या नावांवर कागद लावला. फक्त कण्याच्या कडा आणि आतली बाजू उघडी ठेवली. तुळजाबाईंनी सगळी उलटीसुलटी केली.

नत्थूजी खिडकीशी बसले. पहिलं कव्हर हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. "सांधलेलं. पांढरा डिंक, ओला असतानाच दाबला." दुसरं. "हे पण. चिकटपट्टी काढून वरून सांधलं, खाली तेलकट राहिलं." तिसरं न सांधलेलं होतं, तेही त्यांनी अचूक सांगितलं. देवराव यादी बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत होता. दुसऱ्यांनी सांधलेली पाचही कव्हरं नत्थूजींनी पकडली. न सांधलेली तिन्ही बरोबर सांगितली.

नत्थूजींच्या स्वतःच्या चारांपैकी तीन त्यांनी घडीची ठरवली.

फक्त एक ओळखलं. त्यावर ते बराच वेळ थांबले होते. "हे माझं आहे," ते म्हणाले. "त्या साली अंगठा कापला होता. पट्टी वाकडी फाडली आहे."

देवरावांनी यादी वाचून दाखवली.  मलाही आत्ताच कळलं होतं की त्यांची नजर शाबूत आहे. ते दुसऱ्याचा हात शोधत होते: जास्तीचा डिंक, घाईनं दाबलेली कड, कातरीची सरळ रेघ. त्यांचा स्वतःचा हात त्यांना वेगळा वाटतच नव्हता. पुठ्ठा मुळातच असा असतो, असंच त्यांना वाटत होतं. अंगठा दुखरा होता तेव्हा तो हात थोडा परका झाला, म्हणून तेवढाच दिसला.

"आमच्याकडे," मी म्हणाले, "ज्यानं जोड मारला त्याला तो जोड तपासू देत नाहीत."

नत्थूजींनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "हे आधी काहून नाही सांगतलं, मयुरा?"

"नियम म्हणून पाठ होता, काका. कारण माहीत नव्हतं."

"म्हणजे लबाडी करू नये म्हणून असंन, असं वाटत होतं तुले?"

"हो."

"मलेही तसंच वाटलं असतं," ते म्हणाले. मग देवरावांकडे हात केला. "ते कव्हर काढ गा."

देवरावांनी पिशवीतून कव्हर काढलं, पण लगेच दिलं नाही. दोन्ही हातांनी धरून बसले. "सांधलेलं लिहिलं का तो नाही म्हणतो, नत्थूजी. मी विचारून पाहिलं त्याले, असंच, आडून."

"मग आडूनच समजलं ना तुले, त्याले काय पाहिजे ते."

देवरावांनी कव्हर दिलं. नत्थूजींनी नवी चिठ्ठी घेतली आणि नेहमीसारखं सावकाश लिहिलं: घडीचं, कण्याला सांधलेलं, सांधणारा मीच, पारख तुळजाबाईची.

"माझं नाव कायले लिहिता?" तुळजाबाई म्हणाल्या. "उद्या लोक मले चहाच्या वेळी कव्हरं दाखवायले येतीन."

"येऊ दे. तुले माझं काम दिसते, मले नाही दिसत."

"चाळीस वर्षं पाहून राहिली," त्या म्हणाल्या. "मंग दिसंन नाही का?"

हैदराबादच्या माणसानं नकार दिला. देवरावांनी चिठ्ठीचा फोटो पाठवला, त्याचं संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. सभ्य होतं, पण नकारच होता. सनईची ती रेकॉर्ड पुढे कुणाला गेली ते देवरावांना कळलं नाही. नत्थूजींनी जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून निरोप धाडला की माझी चिठ्ठी असलेलं कव्हर पुन्हा एकदा आणून दाखवा. काही जण आले. काहींनी तर फोनही उचलला नाही, कारण त्यांना घडीचं ते घडीचंच राहायला हवं होतं.  पहिल्या सहा जणांत दोन चिठ्ठ्या चुकीच्या निघाल्या.

देवराव महिनाभर आले नाहीत. मग एका रविवारी दारात चपला काढताना दिसले. आत येऊन बसले, चहा प्यायले, कोराडीच्या बसला किती गर्दी होती ते सांगितलं. कप खाली ठेवल्यावर पिशवीतून एक कव्हर काढलं.

"एक जण देऊन राहिला," ते म्हणाले. "घेऊ का नको, सांगा."

नत्थूजींनी कव्हर खिडकीशी तिरपं धरलं. कडा पाहिल्या, चंद्र पाहिला, आत डोकावले. मला वाटलं आता शब्द येईल. देवरावही पुढे झुकले होते.

"माझ्या नजरेनं घडीचं आहे," नत्थूजी म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "ऐकलं का वं? इकडं ये जरा."

"थांबा," आतून तुळजाबाई म्हणाल्या. "हात ओले आहेत."

नत्थूजींनी कव्हर गुडघ्यांवर उघडं ठेवलं आणि आम्ही तिघं तुळजाबाईंचे हात पुसून व्हायची वाट पाहत बसलो.