दोघांच्या ट्यूबला एकटा

मागच्या आठवड्यात अंदमानातल्या नील बेटावर होतो... एकटाच. आता गोंदियाजवळच्या मुर्रीत घरी बसून हे टाइप करतोय आणि डावा कान अजून मोकळा झालेला नाही.

खरं तर आम्ही दोघं जाणार होतो. मी आणि बंटी, माझा शाळेपासूनचा दोस्त. मी दहावीत गचकलो त्याच्याही आधीपासून ठरलेलं... समुद्र पाहायचा तर सोबतच, आणि नुसता काठावरून नाही, आतून.

पण निघायच्या तोंडावर त्याच्या घरचं धान खरेदी केंद्रावर नेऊन टाकलं आणि मोजणीचा नंबरच लागेना. पोती उघड्यावर, वर ढग, आजूबाजूला मोकाट जनावरं... कोणीतरी राखायला पाहिजेच. म्हणाला, "तू जाय ना बे. मी नाही आलो तं समुद्र काय आटून राहिला का?"

गेलो.

तिथे बीचजवळ एका काकींचं छोटं हॉटेल आहे. पत्र्याचं छत, प्लास्टिकच्या खुर्च्या, मासळी-भात. काकी बंगाली. आमच्याकडे अर्जुनीच्या बाजूला बंगाली लोकांची गावं आहेत, त्यामुळे ती बोली कानाला ओळखीची वाटली आणि उगाच बरं वाटलं...

मी परत परत भात मागत होतो तर काकी खूश. "कहाँ से हो?" गोंदिया म्हटलं, काही कळलं नाही त्यांना. धानवाला इलाका म्हटलं, तर म्हणाल्या, "तभी!" आणि न विचारता अजून वाढला.

टेबल चौघांचं होतं. एक जण आला, "ये खाली है?" म्हणत खुर्ची उचलून नेली. मग दुसरा. तिसऱ्याने तर विचारलंही नाही... एवढ्या मोठ्या टेबलाला मी एकटा चिकटलेलो. फोटो भारी आला असता, पण काढणार कोण.

असो, भरकटलो. स्नॉर्कलिंगचं सांगतो.

तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क, आणि पाण्यावर पालथं पडून खाली पाहायचं. पोहता नाही आलं तरी चालतं. हवा भरलेली एक ट्यूब असते, तिला दोन बाजूंनी दोन पाहुणे धरतात आणि पुढून गाइड दोरीने ओढत नेतो.

दोन पाहुणे. गाइड दादाने माझ्या मागे पाहिलं. "दूसरा कौन है?"

"कोई नहीं."

"तो रुको. जोड़ी बनने दो."

थांबलो. जोड्या येत होत्या, पण सगळ्या आधीच जमलेल्या... नवरा-बायको, बाप-लेक, दोन मैत्रिणी. ओहोटी लागली की बंद, हे दादा सगळ्यांना बजावत होता आणि पाणी मागे सरकताना मला दिसत होतं. एवढ्या दूर येऊन कोरडाच परत जातो की काय! एक कुत्रं शेजारी येऊन बसलं. बिस्किट खाल्लं आणि तेही दुसऱ्या फॅमिलीकडे गेलं.

शेवटी दादालाच दया आली. "चलो, आखरी चक्कर. अकेले ही चलो."

पाण्यात तोंड घातलं की पहिल्यांदा ऐकू येतो स्वतःचाच श्वास. नळीतून, मोठ्ठा, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. वजन एकाच बाजूला, म्हणून ट्यूब सारखी माझ्याकडे कलत होती... पलीकडची बाजू रिकामीच वर उचललेली.

आणि मग मी घोळ केला. मला पाणी माहीत ते मामाच्या गावचं, नवेगाव बांधच्या तलावाचं. तिथे खाली चिखल, वेल, खुंट... दिसत काही नाही. मामानं शिकवलेलं, "पान्यात डोरे काही कामाचे नाही. आंगठ्यानं पाहाचं, मंग भार टाकाचा." जरा भीती वाटली की आमचे पाय आपोआप खाली जातात. तसेच गेले. अंगठ्याला खरखरीत काही लागलं, आता टेकणार...

"पाँव ऊपर! पत्थर नहीं है, ज़िंदा है वो!" दादा केवढ्याने ओरडला. "पानी साफ है ना भाई, आँख से देखो!"

पाय आखडून घेतले. पाहिलं.

एक निळा-हिरवा मासा प्रवाळ कुरतडत होता. आणि त्याचा आवाज येत होता! कुर्रम कुर्रम... शेजारी बसून कोणी फुटाणे खावेत तसा. मी डोकं वर काढून ओरडलो, "बंटी, पाह्य बे! खाऊन राहिला!"

पलीकडे कोणीच नव्हतं. ओरडताना नळी निसटली, खारं पाणी घशात गेलं आणि असा ठसका लागला की विचारू नका.

दादाने पाठीवर थापा मारल्या. "किसको बुलाया?"

"दोस्त को... आया नहीं वो."

त्याने किनाऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आता परत फिरवणार. पण म्हणाला, "दिखा क्या?"

"मछली. आवाज़ कर रही थी."

त्या माणसाने तो मासा त्याच दिवशी किती वेळा पाहिला असेल, सांगा. तरी त्याने गळ्यातला मास्क डोळ्यांवर चढवला, दोरी सोडली, आणि पोहत येऊन ट्यूबची पलीकडची बाजू धरली. "कहाँ? दिखाओ."

मी बोट दाखवलं. दोघंही पालथे पडलो, ट्यूब सरळ झाली. मासा खात होता, आम्ही ऐकत होतो. पाण्यात बोलता येत नाही... दादाने नुसतं कोपराने मला ढोसलं. ऐकलं का, म्हणून.

बाहेर आल्यावर तो ट्यूबा गोळा करून निघून गेला. मी बंटीला फोन लावला. "कसा आहे बे समुद्र?" मी सांगायला लागलो तेवढ्यात तो म्हणाला, "थांब थांब, आपला काटा सुरू झाला," आणि फोन ठेवला. बरं झालं, त्याची पोती मोजली गेली. पण ते सांगायचं राहिलंच... आता घरी आलोय, तो रोज भेटतो, तरी तसं सांगणं होत नाही.

म्हणून इथे लिहिलं. दादा, हे मराठीत आहे, तुमच्यापर्यंत पोचायचं नाही... तरी थँक्यू. दोरी सोडून त्या बाजूला आलात.