जर्किनची चेन

आमच्या कॉलेज रोडच्या क्लासमध्ये बायोलॉजी शिकवणारे सर भर उन्हाळ्यातही जर्किन घेऊन येतात, डीएनए शिकवायला. चेन सर्रकन उघडून म्हणतात, "अशा दोन पट्ट्या सुटतात, आणि प्रत्येकीला नवी जोडीदार पट्टी तयार होते, काय?" प्रत्येक वाक्यामागे त्यांचं ‘काय’ असतंच.

परवा मी मागे बसून केमिस्ट्रीचे पेपर तपासत होते. एका मुलीनं विचारलं, "सर, नक्कल करताना चूक झाली तर?"

"बहुतेक चुका तिथंच दुरुस्त होतात. एखादी राहिली, तर पुढच्या पिढीतही उतरू शकते, काय?"

मग ते चेन लावायला लागले. टोक खाचेत बसेना, बोटं थरथरत होती. त्यांच्या वडिलांची अशीच थरथरायची. आता वडिलांना घास भरवावा लागतो.

तास संपल्यावर ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, आज जरा गारठाच आहे ना?"

खिडकीबाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं.

"आहे थोडा," मी म्हटलं.